समालोचनातील रणभेरी

धावत्या समालोचनात अलंकार नकोतच, असे म्हणणाऱ्या अरसिकांच्या पक्षाचे आम्ही नव्हे. रेडिओवरील समालोचक हा श्रोत्याचा डोळा असतो. आणि जे दिसत नाही ते दाखविण्यास उपमेसारखे दुसरे साधन नाही. आकाशवाणीवरून मराठीत क्रिकेट ऐकविणाऱ्या बाळ ज. पंडितांच्या श्रोत्यांस हे निराळे सांगावयास नको. आमची तक्रार आहे ती डोळ्यांवर पट्टी बांधणाऱ्या अलंकारांविषयी.

आयपीएलचे समालोचन मोबाइलवर मराठीतूनही ऐकू येऊ लागले, ही आनंदाचीच गोष्ट. परंतु जालना जिल्ह्यातील वाटूरचा एखादा शेतकरी मोबाइल खिशात ठेवून, मोसंबीला पाणी देता देता सामना ऐकू लागला, तर त्याच्या पदरी काय पडावे? गोलंदाजांची ‘कत्तल’, फलंदाजाचे ‘तांडव’, मैदानावर ‘रणकंदन’! चेंडू कव्हरमधून गेला की यष्टिरक्षकाच्या डोक्यावरून, हे मात्र त्या बिचाऱ्यास कळत नाही. उपमान एवढे अवजड की उपमेय त्याखाली चिरडून जाते.

यावर प्रतिपक्षी म्हणतील, ‘पायचीत’, ‘धावचीत’, ‘त्रिफळाचीत’ हे मराठी शब्द तरी कोठून आले? आखाड्यातूनच ना? बिनतोड भासणारा हा आक्षेप वस्तुतः आमच्याच सोयीचा आहे. कुस्तीत चीत होण्याला नेमका अर्थ आहे: पाठ मातीला लागली, पंचाने पाहिले, निकाल झाला. फलंदाजही असाच बाद होतो. एका क्षणात, पंचाच्या निर्णयाने, आणि पुन्हा केव्हातरी खेळावयास उतरण्यासाठी. साधर्म्य असे अंगोपांगी जुळले म्हणूनच ते रूपक भाषेत इतके मुरले की आज ते रूपक आहे हेही कोणाच्या ध्यानात येत नाही. (‘त्रिफळा’ उडाला की आम्हांस मात्र अजून हिरडा, बेहडा नि आवळकाठी आठवते!) कबड्डीत तर मेलेला गडी पुन्हा जिवंत होतो, आणि त्या प्रकाराचे नावच मुळी ‘संजीवनी’ आहे. कत्तलीत मेलेला कोण उठतो?

आणि हे सारे घरात मुलांच्या देखत चालते. भारत-पाकिस्तान सामन्यात समोरच्या संघास ‘शत्रू’ म्हणताना आपण अलंकार योजीत आहोत, याचे भान समालोचकास असेलही. दहा वर्षांच्या पोराने ते कोठून आणावे? तो ते अक्षरशः खरे मानतो, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत तसेच बोलतो.