इशाऱ्याचे रंग आणि बावटे
भारतीय हवामान विभाग पावसाचे इशारे जिल्हावार आणि चार रंगांत देतो. हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयारीत राहा आणि रेड म्हणजे प्रत्यक्ष हालचाल करा. यामागे मिलिमीटरचा हिशेब आहे: सकाळी साडेआठपासून दुसऱ्या सकाळी साडेआठपर्यंत 64.5 मिमीच्या पुढे मुसळधार, 115.6 पासून अति मुसळधार आणि 204.4 च्या वर अत्यंत मुसळधार. पण रंग केवळ आकड्यावर ठरत नाही. तो पाऊस पडण्याची शक्यता किती आणि त्याने नुकसान काय होईल, हेही पाहिले जाते. ‘रेड अलर्ट दिला, शाळा बंद ठेवल्या आणि दिवसभर ऊन पडले’ ही ठरलेली तक्रार निम्मीच खरी असते, कारण इशारा अख्ख्या जिल्ह्याला असतो आणि ढग तालुक्यापुरताही बरसतो. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 944 मिमी पाऊस झाला, त्याच मुंबईत कुलाब्याला शंभर मिमीसुद्धा नाही. अचानक येणाऱ्या वादळी पावसासाठी पुढच्या तीन तासांचा तात्काळ अंदाज असतो, तर विजेसाठी ‘दामिनी’ अॅप. बंदरांवरची पद्धत याहून कितीतरी जुनी आहे. तिथे एक ते अकरा क्रमांकांचे बावटे चढतात. तीन नंबरचा बावटा लागला की बंदराला सोसाट्याच्या वाऱ्याचा धोका आहे, हे कोळीवाड्यात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. आठ ते दहा हे महासंकटाचे. अकरावा त्याहूनही विलक्षण: इशारा केंद्राशी संपर्कच तुटला असून हवामान बिघडण्याचा धोका आहे, एवढेच तो सांगतो.