पिशवीचा फॉर्म आणि न विचारलेला प्रश्न

ऊसतोडीचा हंगाम तोंडावर आला की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा विषय ठरलेला असतो: हिस्टरेक्टॉमीची, म्हणजे गर्भाशयाची पिशवी काढण्याची, परवानगी. यंदाही तेच. धर्मापुरी, घाटनांदूर, परळी या पट्ट्यातले डॉक्टर वाचक विचारतात, फायब्रॉइडमुळे रक्त जाऊन जाऊन हिमोग्लोबिन सहावर आलेल्या बाईचे कागद शंभरेक किलोमीटरवरच्या बीडला धाडून आपण वाट पाहत बसायचे का? तक्रार रास्त आहे. बीडपेक्षा लातूर कितीतरी जवळ. ज्या नातेवाइकांना घाई आहे ते बाईला घेऊन जिल्ह्याची हद्द ओलांडतात आणि बीडचा परवानगीचा आदेश इथेच राहतो.

2019 साली काय झाले ते आपल्या वाचकांना नव्याने सांगायला नको. नीलम गोऱ्हे समितीच्या वेळच्या पाहणीत 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. खाजगी रुग्णालयांना जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली ती त्याच वर्षी. एप्रिल 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक हिस्टरेक्टॉमी रोखण्याच्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचना तीन महिन्यांत लागू करा असे सर्व राज्यांना बजावले. म्हणजे कागद आता वाढणारच.

आमचा आक्षेप वेगळा आहे. या सगळ्या कागदांना इंडिकेशन, म्हणजे शस्त्रक्रियेचे वैद्यकीय कारण, लागते. ही पिशवी आपल्याला का नको आहे, हे बाईला विचारायला त्यात जागा नाही. मग जे इंडिकेशन मंजूर होते तेच लिहिले जाते. पूर्वी ‘बल्की युटेरस’ असायचे, आता ‘क्रॉनिक पीआयडी, औषधांना प्रतिसाद नाही’ दिसू लागले आहे. दोन-तीन बाळंतपणे झालेल्या बाईचे गर्भाशय थोडे मोठे असतेच, हे सोनोग्राफी करणाऱ्याला माहीत असते, सही करणाऱ्यालाही. तरी ते चालले. फॉर्म काटेकोर झाला, कारण मात्र पहिल्यासारखेच पोटात राहिले.

बाईला नुसते विचारले तर ती म्हणते, “कॅन्सर होईल म्हणून काढून टाका.” ती खोटे बोलत नाही, तिला खरेच भीती वाटते. (ही भीती तिच्या मनात कुठल्या टेबलावरून गेली, हे आपण आपसांत तरी मान्य करू.) पण तिला थोडा वेळ बसवा. उचल किती घेतली, निघायचे कधी, पाळीच्या दिवसांत फडात पाण्याची आणि आडोशाची काय सोय, हे विचारा. मग खाडा निघतो. एक दिवस कोयता थांबला की पाचशे रुपयांपर्यंत दंड, आणि कोयता म्हणजे नवरा-बायको दोघे. तिचे दुखणे म्हणून नवऱ्याचीही मजुरी बुडते. घरात कोणी ‘पिशवी काढ’ असे तोंडाने म्हटलेले नसते. तिने स्वतःशीही म्हटलेले नसते. दर महिन्याला येणारी ती धास्ती अंगात मुरलेली असते आणि दवाखान्यात आल्यावर कॅन्सरचे नाव घेऊन बाहेर पडते. माणूस आपल्या वागण्याचे जे कारण सांगतो ते आणि त्याला आतून हलवणारी प्रेरणा या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात, हे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांनी 1989 मध्येच मांडले होते. आपल्याकडे मानसशास्त्र अजून आत्महत्येच्या केसपुरतेच आठवते.

त्यामुळे ‘रुग्णानेच मागणी केली’ हे वाक्य यापुढे आम्हाला लिहून पाठवू नका. अबोध प्रेरणा काही फक्त बाईलाच असतात असे नाही. ‘मी नाही केले तर दुसरा करील’ ही धास्ती आपलीही आहे. पांढरे जाण्यावर महिनाभर औषध द्यायचे, नवऱ्यालाही बोलावून द्यायचे, पुन्हा तपासायचे, यात धीर लागतो आणि फी थोडी मिळते. तिशीतच पिशवी आणि सोबत अंडाशयही गेले की हाडे लवकर झिजतात, अंगाची आग होते, कंबर धरते. मग ती मोळी उचलूच शकत नाही. ज्या खाड्याच्या भीतीने ऑपरेशन केले, तोच खाडा पुढच्या हंगामात दुप्पट होतो.

कॅन्सरच्या भीतीवर उतारा शेजारीच सापडला आहे. उस्मानाबाद जिल्ह्यात, आजच्या धाराशिवमध्ये, बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाने टाटा मेमोरियलसोबत तीस ते एकोणसाठ वयाच्या 1,31,746 स्त्रियांवर अभ्यास केला. आयुष्यात एकदाच एचपीव्ही तपासणी झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. निष्कर्ष 2009 मध्ये प्रसिद्ध झाले. इतकी वर्षे उलटली, आपल्यापैकी किती जणांच्या ओपीडीत ही तपासणी होते? निदान व्हीआयए, म्हणजे ॲसिड लावून गर्भाशयमुख नुसत्या डोळ्यांनी पाहणे, तरी? त्याला लागते फक्त ॲसिटिक ॲसिड, उजेड आणि दहा मिनिटे.

परवानगीची मुदत ठरवून द्या, तालुक्याच्या पातळीवर ती मिळू द्या, ही मागणी आम्ही लावून धरणारच. पण ती मागायला जाताना आपले हात रिकामे नकोत. दिवाळीपूर्वी टोळ्या निघतील. त्याआधी चाळिशीच्या आतल्या प्रत्येक बाईच्या केसपेपरवर तिच्याच शब्दांत दोन ओळी लिहा: पिशवी का नको, आणि काढली तर तिचे काय सुटेल. शेजारी तपासणीचा निकाल लिहा. नाव-गाव वगळून त्या ओळी आमच्याकडे पाठवा. मागच्या आवाहनाला ज्यांनी उत्तरच दिले नाही, त्यांनी या वेळी पहिल्या आठवड्यातच पाठवावे.