धनी गेल्यावर

बेंगळूरच्या कस्तुरबा रस्त्यावरील सरकारी वस्तुसंग्रहालयात, मंड्या जिल्ह्यातील आतकूर गावाहून आणलेली, दहाव्या शतकाच्या मध्यास कोरलेली एक शिळा आहे. राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण याने तक्कोलमच्या रणांगणात चोळांवर मिळविलेल्या विजयाचा दाखला म्हणून इतिहाससंशोधक तिला मोल देतात. परंतु आपल्या पशुवैद्यकीय व्यवसायातील मनुष्याची दृष्टी तिच्यावरील श्वानाच्या व रानडुकराच्या आकृतींवरच प्रथम खिळेल. गंग राजा बूतुग याने मणलेर नामक शूर सेवकाला, त्याच्याच मागणीवरून, काळी नावाचे शिकारी श्वान दिले. ते रानडुकराशी झुंजताना डुकरासह प्राणास मुकले, आणि मणलेराने देवालयासमोर ही शिळा उभारून तिच्या पूजेअर्चेसाठी जमीन इनाम करून दिली.

मनुष्याने श्वानासाठी केलेल्या शोकाची अशी लेखी नोंद हजार वर्षांहून अधिक काळ टिकून आहे. श्वानाने मनुष्यासाठी केलेला शोक मात्र आपण बहुतांशी कथांच्या हवाली केला. शिवछत्रपतींच्या चितेत उडी घेणाऱ्या वाघ्याच्या हकीकतीला समकालीन कागदपत्रांचा आधार नाही, तरीही राम गणेश गडकऱ्यांसारख्या नाटककाराला आपले ‘राजसंन्यास’ त्या मुक्या जिवाला अर्पण करावेसे वाटले, यावरून लोकमानसात या भावनेचे स्थान किती खोल आहे हे ध्यानात यावे. रतन टाटा यांचे ९ ऑक्टोबर २०२४ रोजी निधन झाल्यावर, दुसऱ्या दिवशी त्यांच्या ‘गोवा’ या कुत्र्याला मुंबईत अंत्यदर्शनासाठी आणले, तेव्हाही त्या दृश्याने अनेकांचे डोळे पाणावले. परंतु ही सहानुभूती त्या क्षणापुरती असते. पुढच्या आठवड्यात त्या प्राण्याचे काय होते, हा प्रश्न आपल्या दवाखान्याच्या दाराशी येतो, आणि तोही शोकाचे नाव घेऊन येत नाही.

तो येतो तो ‘डॉक्टर, दोन दिवस झाले, काही खात नाही’ अशा तक्रारीच्या रूपाने. मल्लेश्वरम्, बसवनगुडी, जयनगर अशा जुन्या वस्त्यांत, मुले परदेशी स्थायिक झालेली असताना, एखाद्या कुत्र्याच्या सोबतीने उत्तरायुष्य कंठणारे वृद्ध आपल्या परिचयाचे आहेत. असा धनी निवर्तल्यावर कुत्र्याला घेऊन येते ती अंत्यसंस्कारासाठी धावत आलेली कन्या, शेजारी किंवा घरकाम करणारी बाई. त्यांना त्याच्या जेवणाची वेळही ठाऊक नसते आणि त्याचे जुने दुखणेही. श्वान दारापाशी बसून राहते, रात्री येरझारा घालते, रिकाम्या खोलीकडे पाहून विव्हळते, धन्याच्या वापरातल्या कपड्यांवर अंग टाकून पडून राहते; आणि आपण तापमान पाहून, पोट चाचपून, भूक वाढविण्याचे औषध लिहून त्याला परत पाठवितो.

श्वानाला मृत्यूचा अर्थ कळतो असे ठामपणे सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु विरह त्याला कळतो, याविषयी संशय घेण्यास आता फारशी जागा उरलेली नाही. अटलांटा येथील एमरी विद्यापीठात ग्रेगरी बर्न्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी जागृत श्वानांच्या मेंदूची चुंबकीय प्रतिमा घेऊन २०१५ साली दाखवून दिले, की परिचित मनुष्य समोर नसतानाही त्याच्या नुसत्या गंधाने मेंदूतील सुखाच्या अपेक्षेशी निगडित भाग इतर गंधांपेक्षा अधिक उद्दीपित होतो. इटलीतील संशोधकांनी २०२२ साली, घरातील सोबतीचे कुत्रे मेल्यावर मागे राहिलेल्या कुत्र्याचे वर्तन कसे बदलते, हे चारशेहून अधिक पालकांना विचारले, तेव्हा सुमारे ८६ टक्के पालकांनी प्रतिकूल बदल नोंदविले: लक्ष वेधण्याची धडपड वाढली, खेळणे व हालचाल मंदावली, आहार घटला, भीती बळावली. हा अभ्यास धन्याच्या मृत्यूचा नव्हे, हे भान ठेवूनही त्यातील एक निष्कर्ष आपल्या कामाचा आहे: पालकाचे दुःख जितके तीव्र, तितके श्वानाचे भय अधिक व आहार कमी. शोकाकुल घरात रुग्ण एकटा नसतो, ही जाणीव चिकित्सकाने बाळगली पाहिजे.

मात्र ‘शोक आहे, आपोआप निवळेल’ हा निर्णयही तितकाच घातक आहे. धनी प्राध्यापक उएनो १९२५ साली वारल्यानंतर तोक्योच्या शिबुया स्थानकावर सुमारे दहा वर्षे त्यांची वाट पाहणारा हाचिको हा कुत्रा सर्व जगाला निष्ठेचे प्रतीक वाटला. पण जतन करून ठेवलेल्या त्याच्या अवयवांची २०११ साली तोक्यो विद्यापीठात पुन्हा तपासणी झाली, तेव्हा हृदयात व फुप्फुसांत कर्करोग आणि त्याखेरीज फायलेरियाचे कृमी आढळले. बेंगळुरात तर गोचिडतापाचा रुग्णही असाच अन्न सोडतो व मलूल पडतो. म्हणून रक्तातील पेशींची मोजणी, गोचिडतापाची चाचणी आणि वृद्ध प्राण्यात मूत्रपिंडाची तपासणी झाल्यावाचून शोकाचे निदान कागदावर उतरू नये.

ते उतरल्यावर मात्र त्यावर उपचार करावेत. फिरण्याच्या व जेवणाच्या जुन्या वेळा पाळाव्यात, शक्यतो परिचित अशा एकाच व्यक्तीने त्या सांभाळाव्यात. धन्याचे सारे कपडे लगोलग धुऊन वाटून टाकू नयेत. घर बदलणे अटळ नसेल तर काही आठवडे पुढे ढकलावे, आणि रिकामी जागा भरण्यासाठी नवे पिल्लू आणण्याची घाई तर मुळीच करू नये. केवळ गुंगी आणणाऱ्या ॲसिप्रोमाझिनसारख्या औषधाने देह निपचित पडतो, भय तसेच राहते. चिंताशामक औषधाची गरज भासल्यास ते वर्तनोपचारांच्या जोडीने व देखरेखीखालीच द्यावे.

याहून महत्त्वाची खबरदारी धनी हयात असतानाच घ्यावयाची आहे. कायद्याच्या दृष्टीने श्वान ही मालमत्ता असल्यामुळे मृत्युपत्राने त्याच्या नावे काही ठेवता येत नाही. त्याच्या सांभाळासाठी एखाद्या व्यक्तीला नेमून तिच्याकडे रक्कम सोपविण्याची तरतूद मात्र करता येते. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यान्वये सबळ कारणाशिवाय प्राण्याला उपाशीतापाशी सोडून देणे हा अपराध आहे. तथापि अपराध घडल्यावर येणारा कायदा त्या श्वानाला घर मिळवून देत नाही. ते काम ओळखीच्या पशुवैद्याने वेळीच काढलेल्या एका विषयाने होऊ शकते.

म्हणून आमची आपल्या व्यवसायबंधूंना व भगिनींना आग्रहाची विनंती आहे, की या महिन्यापासून प्रत्येकाने आपल्या केसपेपरात दोन रकाने वाढवावेत. पहिला: घरातील कोणी अलीकडे वारले अथवा दूर गेले काय? दुसरा: आपल्यानंतर याचा सांभाळ कोण करील, आणि त्या व्यक्तीला हे ठाऊक आहे काय? दुसरा प्रश्न वृद्ध पालकाला विचारताना जीभ अडखळेल, हे आम्ही जाणतो. पण लसीकरणासाठी वर्षानुवर्षे येणाऱ्या ज्या माणसाने आपल्या श्वानाचे आरोग्य आपल्या हाती विश्वासाने सोपविले, त्याच्याशी हा विषय काढण्याचा अधिकार आणि जबाबदारी आपल्याइतकी दुसऱ्या कोणाचीही नाही.