वाट कोणी सोडावी?

पाण्यात दोन नावा समोरासमोर आल्या, तर वाट कोणी सोडावी? सावलीच्या बाजारात आम्ही हा प्रश्न चारचौघांस टाकून पाहिला. उत्तर एकच आले : "लहानाने सोडावी, आणखी कोणी?" उत्तर देणारे सगळे कष्टकरी होते, त्यांत एक ढीवरही होता. वाचकहो, ज्याच्या पिढ्या पाण्यावर जगल्या त्याच्याही तोंडून हेच उत्तर यावे, याचा आम्हांस विषाद वाटतो. कारण हे उत्तर त्यास पाण्याने शिकविलेले नाही; रस्त्याने शिकविलेले आहे.

रस्त्याचा कायदा मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात आहे. गाडीत बसलेला, नव्वदी ओलांडलेला म्हातारा, रोगी, ओझेवाला, स्त्री, स्नातक, राजा आणि नवरदेव यांस वाट द्यावी, असे तेथे सांगितले आहे. ओझेवाल्यास व बाईस वाट द्या, हे बोलणे चांगले आहे आणि चांगल्यास आम्ही वाईट म्हणणार नाही. पण लगेच पुढचा श्लोक येतो, की हे सगळे एकत्र जमले तर मान राजाचा व स्नातकाचा. आणि ते दोघे समोरासमोर आले तर राजानेच स्नातकास मान द्यावा. स्नातक म्हणजे वेदाध्ययन पुरे केलेला. ज्यांच्या कानी वेद पडू द्यावयाचा नव्हता, त्यांची जागा या वाटेवर कोठे, हे सांगावयास नकोच. व्यवहारात पहिला श्लोक विसरला गेला आणि दुसरा तेवढा उरला. ओझेवाला कडेला झाला, बाई कडेला झाली, आणि अस्पृश्य ठरविलेल्या माणसाने तर आपली सावलीही कोणावर पडू देऊ नये, अशी रीत पडली. ती पोथी २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडास जाळली गेली. पण तिची रीत अजून माणसांच्या अंगात आहे. बाजारातले उत्तर तिचेच.

आता पाण्याचा कायदा ऐका. समुद्रावरील टकरी टाळण्यासाठी जगातील राष्ट्रांनी १९७२ साली नियम ठरविले व ते १९७७ पासून अंमलात आहेत. ते म्हणतात : यंत्राच्या बोटीने शिडाच्या नावेस वाट द्यावी. शिडाच्या नावेने जाळे टाकलेल्या मासेमारास वाट द्यावी. आणि जिचा ताबाच सुटला आहे, तिला सर्वांनी वाट द्यावी. म्हणजे ज्याच्या अंगी वळण्याची ताकद, त्यानेच वळावे. मालक कोण, आत साहेब बसला आहे की मजूर, हे तो कायदा विचारीत नाही. अमेरिकेतील मोठ्या नद्यांवर प्रवाहाबरोबर खाली येणाऱ्या बोटीस वर चढणाऱ्या बोटीने वाट द्यावयाची असते. कारण धारेत सापडलेल्यास थांबता येत नाही. जो थांबू शकतो, त्याने थांबावे. आमच्या मते या एका वाक्यात जितका धर्म आहे, तितका पुष्कळ पोथ्यांत नाही.

बाकीचे नियमही एखाद्या पोरास पाठ होतील असे आहेत. यंत्राच्या दोन बोटी नाकासमोर आल्या, तर दोघांनीही आपापल्या उजवीकडे वळावे. रस्त्यावर आपण डावी बाजू धरतो, पाण्यावर उजवी. हा फरक ध्यानी ठेवावा. दोघींच्या वाटा आडव्या छेदत असतील, तर जिच्या उजव्या हाताला दुसरी असेल तिने वाट द्यावी, आणि शक्यतो तिच्या पुढून न जाता मागून जावे. दुसरी बोट जवळ येत आहे पण तिची दिशा आपल्या नजरेत बदलत नाही, आपल्याच नावेच्या एका खुंटीच्या रेषेत ती सारखी दिसते, तर टक्कर होणार असे समजावे. भोंग्याचा एक आखूड आवाज म्हणजे मी उजवीकडे वळतो, दोन म्हणजे डावीकडे, तीन म्हणजे यंत्र मागे घेतो, पाच म्हणजे तुझा विचार मला कळत नाही. वल्ह्याच्या नावेने रात्री निदान एक कंदील किंवा विजेरी हाताशी ठेवून वेळेवर दाखवावी. आणि हक्क आपला असला, तरी समोरचा वळत नाही असे दिसताच आपणही वळावे. कारण हक्क सांगावयास माणूस जिवंत राहिला पाहिजे.

कोणी म्हणेल, हे समुद्राचे नियम, आमच्या डोंग्यांस त्यांचे काय? वैनगंगेस ते बांधीत नाहीत, हे खरे. पण दोन दाखले पाहा.

१८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईस गेटवेहून घारापुरीस निघालेल्या 'नीलकमल' या उतारूंच्या बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली. पंधरा जीव गेले. यंत्राची चाचणी चालू असता बिघाड होऊन ताबा सुटला, असे सांगण्यात आले. ताबा सुटलेलीस इतरांनी वाट द्यावी, हे आम्हीच वर सांगितले. पण माणसांनी भरलेली संथ बोट क्षणात वळणार कशी? म्हणून वळण्याच्या नियमांआधी दोन नियम येतात : डोळे उघडे ठेवा, आणि वेळेत थांबता येईल इतकाच वेग ठेवा. जेथे उतारूंची ये-जा चालते, तेथे वेगाची परीक्षा घ्यावीच का? दुसरी बाजूही झाकून चालणार नाही. 'नीलकमल'चा परवाना ८४ उतारूंचा, आणि आत माणसे शंभरावर.

दुसरा दाखला आमच्या दाराचा. २३ जानेवारी २०२४ रोजी चामोर्शी तालुक्यातील गणपूरच्या मजूर बाया मिरची तोडण्यास चंद्रपूर जिल्ह्याच्या काठाकडे निघाल्या होत्या. वैनगंगेत नाव उलटली आणि सहा बाया बुडाल्या. तेथे टक्कर नव्हती, हे आम्ही स्वतःच सांगतो. पण मूळ एकच आहे. या नावेत किती माणसे बसावीत, वारा किती असता निघू नये, अंगात तरंगणारे जाकीट कोणी घालावे, हे घाटावर कोणी विचारीत नाही. १९८२ साली गडचिरोली जिल्हा निराळा झाला. नदीच्या दोन काठांस दोन कचेऱ्या झाल्या. मधल्या पाण्याचा वाली कोण, हे मात्र मजुरास आजही ठाऊक नाही.

सरकार म्हणेल, कायदा आहे. आहे! १९१७ चा जुना कायदा काढून २०२१ साली आतल्या जलमार्गांवरील बोटींचा नवा कायदा केला. यंत्राच्या बोटीची नोंद, तपासणी, चालकाचा दाखला, सर्व त्यात आहे. पण तो डोंग्यापर्यंत कोणी नेला? पूर्वी वेद संस्कृतात कोंडला, आज नियम इंग्रजीत कोंडला. ज्याने पाळावयाचा त्यासच तो कळू द्यावयाचा नाही, आणि नाव बुडाली की प्रथम बोट दाखवावयाचे ते नावाड्याकडे! ही जुनीच विद्या आहे.

आता थोडे आमच्याच लोकांस. नाव बुडाली की "नशिबात होते" म्हणून आपण गप्प बसतो. कोणाच्या नशिबात? पूल ज्याच्या दारी आहे त्याचे नशीब बुडत नाही. दिवसाच्या मजुरीसाठी वल्ह्याच्या नावेत बसते तिचेच बुडते. हे नशीब नव्हे, ही व्यवस्था आहे. नदीची ओटी भरण्यास व भटाच्या दक्षिणेस पैसा निघतो. त्याच पैशात जाकिटे येतात. आणि आपल्यातलाच एखादा यंत्राची बोट घेताच ढीवराच्या जाळ्यावरून ती घालतो, तेव्हा त्याच्या अंगात तोच दुसरा श्लोक शिरलेला असतो. त्यास आम्ही आपला म्हणणार नाही.

आमचे मागणे मोठे नाही. प्रत्येक घाटावर मराठीत व गोंडीत नियमांची पाटी लावा. नावेवर ठसठशीत रंगाने रेघ मारा. रेघ पाण्याखाली गेली की एकही माणूस अधिक घेऊ नये. माणशी एक जाकीट द्या, आणि त्याचा खर्च नावाड्याच्या माथी मारू नका. ढीवरांच्या पोरांस हे नियम शाळेत शिकवा, आणि शिकविण्यास त्यांच्यातलाच जाणता म्हातारा बसवा; वैनगंगेची धार त्यास जितकी कळते तितकी कचेरीस कळत नाही. मागणी ग्रामसभेत ठराव करून लेखी द्या, आणि दोन्ही काठांच्या गावांनी एकाच दिवशी द्या.

आणि बाजारात पुन्हा कोणी विचारले की वाट कोणी सोडावी, तर मान वर करून सांगा : ज्याला सोडता येते, त्याने!