नकाराचा बाजार

रंगविलेले ताठ केस, फाटके कपडे आणि कानठळ्या बसविणारे संगीत, एवढीच 'पंक'ची ओळख आपल्याकडे आहे. परंतु १९७६ च्या सुमारास इंग्लंडमध्ये फोफावलेल्या या प्रवाहाने अराजकतावाद ही राजकीय विचारसरणी आपली ध्वजा म्हणून मिरविली. राज्यसंस्था नको, चर्च नको, भांडवलदार नको! या घोषणेचे पुढे काय झाले?

'सेक्स पिस्टल्स'ने अराजकाचा उद्घोष करणारे पहिले गीत १९७६ साली काढले, ते ईएमआय या बलाढ्य कंपनीच्या शिक्क्यानेच! त्यांचा बंडखोर वेष लंडनच्या किंग्ज रोडवरील दुकानात घडला. तो घडविणाऱ्या व्हिव्हियन वेस्टवूड २००६ साली राजसत्तेच्या 'डेम' झाल्या. बंड दुकानात जन्मले आणि दरबारात विसावले.

सारेच ढोंगी होते असे म्हणणे मात्र अन्यायाचे ठरेल. १९७७ साली स्थापन झालेला 'क्रास' हा गट एसेक्समधील जुन्या शेतघरात सामुदायिक जीवन जगला. याहून अधिक दाम देऊ नका, असे तो तबकड्यांच्या वेष्टनावरच छापी. अण्वस्त्रांविरुद्ध त्याने तळमळीने प्रचार केला. १९८३ साली लंडनची आर्थिक पेठ रोखू पाहणाऱ्या निदर्शनांमागेही हीच प्रेरणा होती. तथापि १९८४ साली हा गट विसर्जित झाला. त्याच परंपरेतील 'चंबावंबा' १९८९ साली ईएमआयच्या निषेधार्थ निघालेल्या तबकडीत सहभागी होता. १९९७ साली त्याने त्याच ईएमआयशी करार केला!

असे का व्हावे? महाभारताच्या शांतिपर्वात भीष्म सांगतात की, प्रारंभी राज्य नव्हते, राजा नव्हता, दंडही नव्हता. प्रजा धर्मानेच परस्परांचे रक्षण करीत असे. मोह शिरला, धर्म लोपला, तेव्हा राजदंडाची गरज निर्माण झाली. म्हणजे शासनमुक्त समाजाचे स्वप्न आपल्याला परके नाही. पण त्याचा पाया कर्तव्यबोध आहे. पंकने दंड नाकारला, परंतु त्याबरोबर परंपरा, कुटुंब आणि श्रद्धाही झुगारल्या. त्या पोकळीत बाजार शिरला. निव्वळ नकार ही विकण्याजोगी वस्तू असते. संस्कार आणि संघटन विकता येत नाहीत.

आपल्या घरातील तरुणाच्या केसांवर रागावणे सोपे आहे. त्याच्या असंतोषाला कार्य देणे कठीण आहे. ते कार्य समाजाने दिले नाही, तर दुकानदार त्याला वेष देईल.