ठोकळ्यांना रंग हवाच का?

परवा रक्तदाब तपासायला आलेल्या एका आजोबांनी खिशातून लाकडाचा ठोकळा काढून माझ्या टेबलावर ठेवला. नातवासाठी ते मनोऱ्याचा खेळ बनवत होते. तीन-तीन ठोकळ्यांचे 18 थर रचायचे आणि मधलाच एखादा अलगद काढून वर ठेवायचा, तो खेळ. "डॉक्टर, घरात ऑइल पेंटचा अर्धा डबा उरलाय, दोन हात मारू का?" मी नको म्हणालो. हा माणूस आता सुतारकामातही पथ्य सांगायला लागला, असं त्यांना वाटलं असणार!

खेळ मोठ्या नातवाचा असला तरी घरात दहा महिन्यांची धाकटी नातही आहे. त्या वयात हाताला लागेल ते तोंडात जातं. म्हणून ठोकळ्याला काय लावायचं हे ठरवताना, तो चघळला जाणार हे मी धरूनच चालतो.

माझी खरी भीती शिशाची. घरगुती रंगांत शिसं 90 पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा जास्त नसावं, असा नियम आपल्याकडे 2016 मध्ये आला आणि 2017 मध्ये लागू झाला. माळ्यावरचा डबा त्याआधीचा असेल तर त्याची खात्री कोण देणार? गाड्यांचे आणि यंत्रांचे रंग तर या नियमात येतच नाहीत. गिळलेल्या शिशापैकी मोठ्या माणसाचं शरीर साधारण दहावा भाग शोषतं, लहान मुलाचं जवळजवळ निम्मा. मुलात लोह कमी असेल तर आणखी जास्त. त्याचा परिणाम वाढत्या मेंदूवर होतो आणि तो पूर्ण भरून येत नाही. शिवाय लक्षणं ओळखू येतील अशी नसतात. पोटदुखी, बद्धकोष्ठता, चिडचिड एवढंच, किंवा काहीच नाही.

रंगापेक्षाही जास्त धोका जुन्या लाकडात असतो. पाडलेल्या घराची सागवानी चौकट फुकट मिळाली म्हणून आपण खूश होतो, पण तिच्यावर रंगाचे अनेक थर असतात आणि ते घासताना उडणारी धूळ घरभर पसरते. असं लाकूड खेळण्यासाठी घेऊच नका. पॅकिंगच्या खोक्याच्या फळीवर 'एमबी' असा शिक्का असेल तर तीही नको. ती मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूने धुरी दिलेली असते.

मग लावायचं काय? माझं मत विचाराल तर जवळजवळ काहीच नाही. गुळगुळीतपणा येतो तो घासण्याने. आधी 120 नंबरचा काचकागद, मग 180, मग 220. नंतर ओलसर फडकं फिरवा. त्याने लाकडाचे तंतू उभे राहतात. वाळल्यावर 220 ने पुन्हा हलकेच घासा. कडा आणि कोपरे बोटाला बोचणार नाहीत इतके गोल करा, कारण कुसळं तिथेच निघतात. हे काम मास्क लावून गच्चीत करा, मुलांना लांब ठेवून. या खेळात ठोकळा सरकायला हवा. जाड व्हार्निशचे ठोकळे दमट हवेत एकमेकांना चिकटतात, त्यामुळे कोरडं लाकूड खेळालाही बरं.

चकाकी हवीच असेल तर औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन आणि थोडं मधमाशांचं मेण एकत्र करा. भांडं गरम पाण्यात ठेवून वितळवा, थेट आचेवर नको. ठोकळ्यांना अगदी पातळ चोळून कोरडं पुसून टाका. पॅराफिनची बाटली मात्र उंचावर ठेवा. मूल ते प्यायलं आणि ठसका लागून तेल फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो. "घरचं तेल काय वाईट?" असं पुष्कळजण विचारतात. शेंगदाण्याचं तेल लाकडावर खवट आणि चिकट होतं. हार्डवेअरच्या दुकानातलं 'बॉइल्ड' जवसाचं तेल लवकर वाळावं म्हणून त्यात धातूंचे क्षार घातलेले असतात. शिवाय त्या तेलाचं फडकं बोळा करून टाकलं तर आपोआप पेट घेऊ शकतं. चपडीचं, म्हणजे लाखेचं पॉलिश चालेल. गोळ्यांवरच्या आवरणातही लाख वापरतात. फक्त त्यातलं स्पिरिट पूर्ण उडू द्या आणि ते ठोकळे सॅनिटायझरने पुसू नका, लाख विरघळून चिकट होईल.

घरात जुना रंग खरवडून झालाच असेल तर जमीन झाडू नका, ओल्या फडक्याने पुसून घ्या. लहान मूल त्या धुळीत खेळलं असेल तर तुमच्या बालरोगतज्ज्ञांना तसं सांगून रक्तातल्या शिशाची तपासणी करून घ्या.