कुलूप कोणाला लावायचे?



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलो आहे. निमित्त झाले भाचीच्या फोनचे. "मामा, याच्याकडे 'टेल्स फ्रॉम द क्रिप्ट' नावाचं जाडजूड चित्रांचं पुस्तक सापडलंय. नुसती प्रेतं आणि सांगाडे! मी कुलपात टाकलंय. तुम्ही शिक्षक होतात, तुम्हीच समजवा त्याला."

'तो' म्हणजे बारा वर्षांचा नातू. मी पुस्तक घरी आणले, चार दिवस वाचले, त्याचा इतिहासही वाचला. आता समजावणार आहे, पण त्याला नव्हे, तिला.

ही अमेरिकेतली गोष्ट. मॅक्स गेन्स हे गृहस्थ बायबलातल्या कथा चित्रांतून छापत. 1947 साली ते अपघातात गेले आणि कंपनी विल्यम या मुलाकडे आली. त्याने संपादक अल फेल्डस्टीनला हाताशी धरून 1950 साली भयकथांची तीन द्वैमासिके काढली. 'टेल्स फ्रॉम द क्रिप्ट' त्यातलेच एक. क्रिप्ट म्हणजे प्रेते ठेवण्याचे तळघर. त्या तळघराचा म्हातारा राखणदार प्रत्येक वेळी खवचट विनोद करत गोष्ट सांगणार. गोष्टीत बहुधा कोणी लोभी नवरा, कोणी क्रूर मालक. तो पाप करतो, पचले असे वाटते, आणि मेलेला माणूस उठून हिशेब चुकता करतो. चित्रे किळसवाणी आहेत, मान्य. पण 'करावे तसे भरावे' हे आमच्या आजीने भुताच्या गोष्टीतून वेगळे काय सांगितले होते?

तरी मोठी माणसे घाबरली. 1948 सालीच वेस्ट व्हर्जिनियातल्या स्पेन्सर गावात शाळकरी मुलांनी कॉमिक्सची होळी केली होती. 1954 साली डॉ. फ्रेडरिक वर्थम या मनोविकारतज्ज्ञाचे पुस्तक आले : मुले गुन्हेगार होतात त्यात कॉमिक्सचा मोठा हात आहे. हा माणूस दुष्ट नव्हता. हार्लेममध्ये गरीब कृष्णवर्णीयांसाठी त्याने दवाखाना चालवला. म्हणूनच त्याच्या शब्दाला वजन होते. त्याच एप्रिलमध्ये सिनेटच्या समितीपुढे गेन्सला त्याच्याच एका गुन्हेकथांच्या अंकाचे मुखपृष्ठ दाखवले. एका हातात कुऱ्हाड, दुसऱ्या हातात बाईचे तुटलेले मुंडके. भयकथेच्या मानाने हे सुरुचीला धरून आहे, असे तो म्हणाला. तिथेच त्याचा खटला बुडाला. ते मुखपृष्ठ मीही मुलांपुढे ठेवले नसते.

पण पुढे काय झाले पाहा. प्रकाशकांनी स्वतःच आचारसंहिता केली. शीर्षकात 'हॉरर' शब्द नको, चालती प्रेते नकोत, रक्तपिपासू नकोत. 27 अंक काढून 'टेल्स फ्रॉम द क्रिप्ट' 1955 साली बंद पडले. आणि या संहितेने मुलांना कशापासून वाचवले? 1956 साली गेन्सने एक जुनी विज्ञानकथा पुन्हा छापायला घेतली. पृथ्वीवरचा अंतराळवीर यंत्रमानवांच्या ग्रहावर जातो. तिथे रंगावरून भेदभाव चालतो, म्हणून तो त्यांना नापास करतो. शेवटी शिरस्त्राण काढतो, तर तो कृष्णवर्णीय! संहितेच्या प्रमुखाने सांगितले, हा कृष्णवर्णीय चालणार नाही. गेन्सने भांडून ती कथा तशीच छापली. बघा हं, भुतांसाठी केलेले कुलूप कोणाला लागले ते!

आणि वर्थमचा पुरावा? कॅरल टिली या संशोधिकेने त्याची मूळ कागदपत्रे तपासून 2012 साली दाखवून दिले, की त्याने मुलांची विधाने बदलली होती, जोडली होती, सोयीची नव्हती ती गाळली होती. अठ्ठावन्न वर्षांनी! दरम्यान ब्रिटनने 1955 साली आणि आपल्या संसदेने 1956 साली मुलांना घातक अशा प्रकाशनांविरुद्ध कायदे केले.

भाचीवर मी कशाला रागावू? माझीच एक गोष्ट सांगतो, घरात कोणालाच ठाऊक नाही. 1986 च्या सुमारास आठवीत एक मुलगा बाकाखाली नारायण धारपांची कादंबरी वाचत होता. मी ती हिसकावली आणि सगळ्या वर्गासमोर फाडली. पुस्तक वाचनालयाचे होते, पैसे त्याच्या वडिलांना भरावे लागले. मी ती कादंबरी वाचलेली नव्हती. तो मुलगा नंतर माझ्या तासाला धड्याचेही पुस्तक मनापासून उघडीना. त्याला धारपांनी नाही बिघडवले, मी बिघडवले.

मुलांना सगळे वाचू द्या, असे मी म्हणत नाही. सहा वर्षांच्या पोराला हे पुस्तक देऊ नये. पण न वाचता बंदी घालणारा मोठा माणूस मुलाला एकच धडा देतो : वाचायचे ते लपवून वाचायचे. तो धडा भुतापेक्षा वाईट.

असो. भाचे, रविवारी येतो. पुस्तक तुझ्या हातात देईन. आधी तू वाच, मग त्याच्याजवळ बसून बोल. कपाटाची किल्ली मात्र मला दे.

तुम्हा मंडळींचे काय म्हणणे आहे? भांडायचे असेल तर जरूर भांडा, फक्त आधी वाचून या.